उतारवयातला चढ



पन्नाशी उलटल्यावर सायकलीने लांबचा प्रवास करावा, असे आम्ही म्हणतो तेव्हा लोक हसतात. पायी पंढरीला निघालेल्या सत्तर वर्षांच्या म्हातारीला कोणी हसत नाही. दिवेघाटात लोक तिच्या पाया पडतात. मग सायकलीवरचा म्हाताराच तेवढा चेष्टेचा विषय का व्हावा? सायकल म्हणजे गरिबाचे कामावर जाण्याचे साधन किंवा पोराचे खेळणे, यापलीकडे आपण तिचा विचारच केलेला नाही.

तो विचार फ्रान्समधल्या एका गृहस्थाने केला. पॉल द व्हिव्ही हे त्याचे नाव. लिहिताना तो ‘व्हेलोसिओ’ म्हणवून घेई. जन्म १८५३ चा. सेंत-एतिएन या खाणींच्या आणि विणकामाच्या गावात तो रेशमाचा व्यापार करी. तिशीच्या आसपास सायकलीचा नाद लागला, पुढे व्यापार सुटला, आणि १८८७ साली त्याने सायकलीचे दुकान व एक मासिक काढले. गावाबाहेर पडले की समोर ११६१ मीटर उंचीची खिंड, आणि त्या काळच्या सायकलीला गिअर एकच. साठीपर्यंत हा चढ चढायचा असेल तर माणूस बदलून भागणार नाही, यंत्र बदलले पाहिजे, हे त्याने ओळखले.

यातली खुबी साधी आहे. आपल्या नेहमीच्या सायकलीला पुढे ४८ व मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ पावणेसहा मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. घाटात गुडघे बोलू लागतात. पुढचे व मागचे दाते सारखे केले, तर त्याच फेऱ्यात ती दोन-सव्वादोन मीटरच जाते. फेरे वाढतात, पण दर फेऱ्याचा भार निम्म्याहूनही कमी होतो. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणा, अशी मागणी हमालांनी केली ती याच हिशेबाने. माल तेवढाच वाहायचा असतो, पण मणका शाबूत राहतो.

परंतु मर्दुमकीच्या लोकांना हे रुचले नाही. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे म्हणणे असे की, बदलते गिअर पंचेचाळिशीपुढच्यांना ठीक, जवानांना लाजिरवाणे! १९०२ साली डोंगराळ रस्त्यावर झालेल्या चाचणीत मार्त हेस या बाईने तीन गिअरांच्या सायकलीवर एका गिअरच्या नामांकित पुरुष शर्यतपटूला मागे टाकले, तरी देग्रांज बधले नाहीत. त्यांच्या शर्यतीत असे गिअर यायला १९३७ साल उजाडावे लागले. पंचेचाळिशीपुढच्यांचा त्यांनी केलेला तो उल्लेख आम्ही मात्र शिफारस म्हणून घेतो.

आमच्याबरोबर सासवड, जेजुरी, फलटण करीत पंढरपूरला सायकलीने जाणारी मंडळी सगळी पन्नाशीपुढची आहेत. तीस तीस वर्षे मशीनपुढे उभे राहून त्यांचे पाय झिजलेले. तरी बसल्या जागी भार सीटवर जातो, म्हणून चालण्यापेक्षा सायकल त्यांना सोसते. मात्र आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, ते वाईट. पायडल तळाला असता गुडघ्याला किंचितच बाक राहावा, एवढी सीट वर हवी. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि बढाईसाठी पायडल मारू नये, हे व्हेलोसिओचेच सांगणे. यातले शेवटचे पाळायला सर्वांत कठीण. साठीतही माणूस पुढच्याला गाठायला जातो!

पण गुडघ्यापेक्षा मोठी अडचण रजेची. फ्रान्सच्या कामगाराला जून १९३६ मधल्या प्रचंड संपानंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात हजारो जोडपी सायकलींवर, दोघांच्या टँडेमवर बाहेर पडली. पुष्कळांनी समुद्र तेव्हा प्रथमच पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ती आमची माणसे कशात घालवतात? लग्नात, आजारपणात, घराच्या पत्र्यांत. उरली तर पैसे करून घेतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पगार पुरत नाही तोवर रजा ही विकायचीच वस्तू राहणार. आणि कंत्राटी कामगाराने रजा मागितली तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. त्याला आम्ही कोणत्या तोंडाने गिअर समजावून सांगावेत?

व्हेलोसिओ वयाच्या ७६ व्या वर्षी, १९३० साली गेला. डोंगरात त्याला काही झाले नाही. गावातल्या रस्त्यावर, सायकल हाताशी धरून चालत असता त्याला ट्रॅमने धडक दिली. आमची मंडळी मागे लाल दिवा लावून पहाटे साडेचारला निघतात, कारण उजाडल्यावर हडपसरच्या पुढे ट्रकांच्या गर्दीतून त्यांना वाट मिळत नाही.