जागा असूनहि 'जागा नाहीं'



कांदिवलीसारख्या उपनगरांतील एखाद्या बिऱ्हाडांतहि आतां तळहाताएवढा संगणक घरचीं छायाचित्रें सांभाळतो. त्यावर बहुधा १९९१ सालीं जन्मलेली लिनक्स प्रणाली चालते. एके दिवशीं तो 'जागा उरली नाहीं' असें सांगून नवें छायाचित्र नाकारतो, आणि घरचीं माणसें घाईनें लग्नाचीं जुनीं छायाचित्रें पुसावयास बसतात. ही घाई घातक होय.

कारण येथें हिशेब दोन असतात. कोठारांत पोतें मावलें पाहिजे, आणि कोठारवाल्याच्या वहींत त्याच्या नांवाला एक ओळहि पाहिजे. या ओळीस आयनोड म्हणतात. 'ईएक्सटी४' या रचनेंत ओळींची संख्या विभाग आखतांनाच ठरते. सामान्यतः दर १६,३८४ बाइटांमागें एक, म्हणजे एक गिगाबाइटांत ६५,५३६. बारीकसारीक तात्पुरत्या फायलींचा सुळसुळाट झाला कीं वही भरते. कोठार मात्र अर्धें रिकामें! अशा वेळीं पांचशें छायाचित्रें पुसलीं तरी पांचशेंच ओळी सुटतात. संदेश मात्र दोन्ही वेळां एकच. ही कर्त्यांची कंजुषीच म्हटली पाहिजे.

'डीएफ' ही आज्ञा जागा दाखविते. वही पाहण्यासाठीं तिला 'आय' ही खूण जोडावी.

आणखी एक गोम आहे. मोठी नोंद-फाइल पुसूनहि जागा वाढत नसेल, तर एखादा कार्यक्रम ती अद्याप उघडी धरून बसलेला असतो. 'एलसॉफ' ही आज्ञा त्याचें नांव सांगते. तो बंद करून पुन्हां सुरू केला, कीं जागा मोकळी होते.