गिनीपिगच्या पायाखाली काय अंथरावं?



शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरांचा हट्ट सुरू होतो आणि इंदूरच्या किंवा देवासच्या दुकानातून गिनीपिगची जोडी घरी येते. दुकानदार सोबत पिंजरा देतो. हा पिंजरा पुष्कळदा पक्ष्यांसाठी बनवलेला असतो: तळाला तारेची जाळी आणि जाळीखाली बाहेर ओढता येणारा पत्र्याचा ट्रे. लेंड्या खाली पडतात, ट्रे धुतला की काम झालं. यात सोय आहे ती आपली. त्या जाळीवर चोवीस तास उभं राहायचं असतं त्या प्राण्याला. आज मला बोलायचं आहे ते त्या जाळीविरुद्ध, आणि ती काढून टाकल्यावर तिथे काय अंथरायचं याविषयी.

आधी पाय बघू. ससा आणि गिनीपिग एकाच माळेतले असं आपण धरून चालतो, पण सशाच्या तळपायाला केसांची दाट गादी असते. गिनीपिगचा तळपाय उघडा, मऊ आणि गुलाबी किंवा काळसर असतो. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. एवढ्याशा पावलांवर सातशे ग्रॅमपासून किलोभरापर्यंत, कधी त्याहून थोडं जास्त वजन असतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरात, जिथे तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तिथे त्याचे रानातले भाऊबंद गवतातून वाटा पाडत हिंडतात. तारेवर चालायला ते पाऊल घडलेलंच नाही. जाळीवर, खडबडीत फरशीवर किंवा सतत ओल्या गादीवर राहिलं की आधी तळवा लाल होतो, मग सुजतो, मग त्याला चीर पडते. त्या चिरेतून जंतू आत शिरतात आणि दुर्लक्ष झालं तर थेट हाडापर्यंत पोचतात. हे दुखणं बरं करायला महिनोन्महिने लागतात. बोट जाळीत अडकून मोडतं ते वेगळंच.

जमिनीलगतच्या दोन-चार इंचांत काय घडतं, याला या प्राण्याच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, हे मुंबईत एकदा फार कठोरपणे सिद्ध झालेलं आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे 1905 पासून प्लेग कमिशननं परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग पसरतो कसा याचा शोध घेतला. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले, आणि उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या. एका प्रयोगात पिंजरे टांगले होते, काही जमिनीपासून दोन इंचांवर आणि काही दोन फुटांवर. दोन इंचांवरच्या गिनीपिगना प्लेग झाला, दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही, एवढाच काय तो फरक. माणसांचे जीव वाचवणारं हे ज्ञान त्या मुक्या जनावरांच्या मरणातून मिळालं. ज्यांना आपण हौसेनं घरी आणतो त्यांना निदान जमीन तरी धड द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता नाकाचा विचार करू. आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर, त्याचं दोन इंचांवर. मुतातला युरिया जंतू फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो अंथरुणातून वर येताना सगळ्यात आधी त्याच्या श्वासात जातो. या प्राण्याची छाती नाजूक असते. अमोनियानं श्वासनलिकेचं अस्तर दुखावलं की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पिंजरा साफ आहे की नाही हे उभ्यानं ठरवू नका. गुडघे टेका, तोंड अंथरुणाजवळ न्या आणि श्वास घ्या. नाक चुरचुरलं तर अंथरूण बदलायची वेळ कालच होऊन गेली.

अंथरायला काय घ्यावं? सगळ्यात आधी सुचतो तो सुताराकडचा भुसा, कारण तो फुकट मिळतो. करवतीखालचा बारीक भुसा आणूच नका. तो पिठासारखा उडतो, डोळ्यांत आणि नाकात जातो. रंध्यातून निघालेले रुंद, कुरळे छिलके वेगळे. ते चालतात, पण लाकूड कोणतं हे विचारायलाच हवं. देवदार नको. देवदाराच्या तेलाजवळ किडे येत नाहीत हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे, आणि जो वास किड्याला सोसत नाही तो बंद पिंजऱ्यात दिवसरात्र हुंगायला लावणं बरं नाही. लाल सीडर या अशाच वासाच्या लाकडाच्या छिलक्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृताचं काम बदलतं, हे अमेरिकेत 1967 मध्येच दाखवलं गेलं होतं. चीड म्हणजे पाइन, आपल्याकडे खोक्यांतून येतं ते लाकूड. ते भट्टीत नीट वाळवलेलं असेल तर त्यातला उग्रपणा बराच जातो, पण खोक्याचं लाकूड कसं वाळवलं होतं हे सुताराला कुठून ठाऊक असणार? सागाच्या भुशानं तर खुद्द सुतारांच्या हाताला खाज सुटते. प्लायवुड आणि एमडीएफच्या भुशात सरस मिसळलेला असतो, तो अजिबात नको. हे सगळं वगळलं की सुताराच्या दुकानात आपल्या कामाचं फार थोडं उरतं.

देवासजवळच्या आपल्या सोनकच्छच्या आजूबाजूला सोयाबीन आणि गव्हाची शेती, त्यामुळे काडाचा भुसा घराघरात. गव्हाचं वाळलेलं काड थ्रेशरमधून तुकडे होऊन येतं. त्याची टोकं अणकुचीदार असतात आणि धूळ पुष्कळ. गिनीपिग तोंड खुपसून हिंडणारा प्राणी, त्याचे डोळे टपोरे आणि बाहेर आलेले. कुसळ डोळ्यात जायला वेळ लागत नाही. सोयाबीनच्या काड्या तर त्याहून राठ. गाईम्हशींसाठी हे उत्तम, इथे नको. मऊ वाळलेलं गवत मात्र भरपूर द्यावं, ते खाण्यासाठी. नुसतं गवत अंथरलं तर ते ओल धरतं आणि खालून बुरसतं.

उरतात दोन गोष्टी, कागद आणि कापड, आणि माझ्या मते माळव्यात दोन्ही लागतात, आपापल्या ऋतूत.

कापडाचं सांगतो. थंडीत बाजारात फ्लीसची हलकी ब्लँकेटं मिळतात. त्यांचा गुण असा की ओल वर थांबत नाही, खाली उतरते. पण नवं कापड असं वागत नाही. त्यावर वाटीभर पाणी ओतून बघा, थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळतात. गरम पाण्यात तीन-चारदा धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य न घालता. मग पुन्हा पाणी ओता. ते क्षणात नाहीसं होतं आणि वर हात ठेवला तर जवळजवळ कोरडं लागतं. खाली उतरलेलं पाणी पिऊन टाकणारा थर मात्र हवा, आणि तो आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे: गोधडी. धुऊन धुऊन विरलेल्या सुती साड्या आणि धोतरं एकावर एक शिवलेली, पाणी शोषायला याहून चांगलं काय असणार? पण गोधडी वर उघडी ठेवू नका. तिच्या टाक्यांचा सुटलेला दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं आणि बोट काळं पडतं. गोधडी खाली आणि फ्लीस वर, कडा पिंजऱ्याखाली नीट दुमडलेल्या. एकेक गिनीपिग दिवसाकाठी शंभरावर लेंड्या टाकतो. त्या रोज छोट्या झाडणीनं काढायच्या आणि दोन्ही थर तीन-चार दिवसांनी धुऊन कडक उन्हात वाळवायचे. माळव्याचं ऊन या कामाला फार चांगलं.

पावसाळ्यात हेच कापड त्रास देतं. आषाढ-श्रावणात गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या गोधडीत बुरशी धरते. अशा दमटपणात गिनीपिगला नायटाही होऊ शकतो आणि तो मुलांच्या हातांनाही लागतो. तेव्हा कागदाकडे वळावं. तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर आणि त्यावर कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्यांचा किंवा कागदी लगद्याच्या अंथरुणाचा दोन इंच जाड थर. नुसतं वर्तमानपत्र चालत नाही, ते ओलं होऊन पायाला चिकटतं. ओला कोपरा रोज उचलायचा. वापरलेला कागद लेंड्यांसकट बागेतल्या खतात जातो, वाया काहीच जात नाही.

आता उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर जातो आणि या प्राण्याला अंगभर घाम फुटत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे तो अस्वस्थ होतो आणि उष्माघातानं तासाभरात दगावू शकतो. जाड अंथरूण तेव्हा ऊब धरून ठेवतं. म्हणून वैशाखात पिंजऱ्याच्या एका टोकाला कोट्याची गुळगुळीत फरशी ठेवा, तिच्या कडा घासून घ्या. दुसऱ्या टोकाला कापड असू द्या. कुठे पसरायचं ते त्याचं तो ठरवतो, आणि भर दुपारी तो कुठे सापडतो ते तुम्हाला दिसेलच. कूलरचा दमट झोत मात्र थेट अंगावर नको. यासाठी जागाही हवी. दोघांना मिळून किमान साडेसात चौरस फूट, मजल्यांचा उंच पिंजरा नव्हे, सपाट जागा.

फिनाइलनं पिंजरा पुसू नका. त्या वाफा आपल्यालाही बऱ्या नाहीत, दोन इंचांवरच्या नाकाला तर नाहीतच. ट्रेवर जे पांढरं किटण बसतं ते मुतातल्या कॅल्शियमचं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून अर्धा तास ठेवलं की ते सुटतं. मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा.

आठवड्यातून एकदा त्याला छातीशी धरा, मागचा भाग हातावर तोलून, आणि चारही तळवे उजेडात बघा. लाली, सूज, खपली, वाढून वळलेलं नख. काही दिसलं तर घरातली माणसांची अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं पोटात गेली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यात तो प्राणी जातो. जवळ या प्राण्याचा जाणकार डॉक्टर नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दूर नाही. नेताना टोपलीत त्याच्या पिंजऱ्यातलं थोडं वापरलेलं फ्लीस घाला, आणि जोडीतला दुसराही सोबत न्या. एकटा तो फार घाबरतो.