सतार आणि मुलांची घडण



१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यात सुरू झाली आणि दरबारचे संगीत सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचले. ती परंपरा आज आपल्या विद्यापीठात नांदते आहे. परंतु वाद्य शिकून मुलाला नेमके काय मिळते? मी सतारीपुरतेच बोलतो. तीच माझ्या घरात होती.

पडद्यावर तार दाबली की स्वर तयार मिळतो. मींडेचे तसे नाही. एकाच पडद्यावर तार ओढून पुढचा स्वर गाठायचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आधी कानात असावा लागतो. तार बोटाला कापते, स्वर थोडा कमी पडतो, मूल पुन्हा ओढते. असे महिनोन्‌महिने चालले म्हणजे स्वर चुकल्याचे त्याला गुरुजींच्या आधी कळू लागते. आपली चूक दुसऱ्याने दाखविण्यापूर्वी ओळखणे आम्हा प्राध्यापकांनाही क्वचितच साधते!

माझ्या कन्येला ते साधू लागले होते. दहावीचे वर्ष आले आणि मी सतार गवसणीत घातली. तिने रोजचा अर्धाच तास मागितला होता. तोही मी दिला नाही. गुण उत्तम मिळाले, पुढे बारावी आली, मग पदवी. सहा वर्षांनी तिने गवसणी काढली, तारा जुळविल्या, मींड घेतली आणि लगेच म्हणाली, "बाबा, स्वर लागत नाही." कान शाबूत होता. बोटावरचा घट्टा मात्र केव्हाच गेला होता.