मिरचीची लाली आणि प्रयोगशाळा

तेलंगणाच्या सीमेलगतचे नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून परिचित असल्याने अन्नातील घातक रसायनांचा विचार येथे मिरचीपासूनच सुरू करणे सयुक्तिक ठरते. 2003 साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या उत्पादनांत 'सुदान-1' हा, मेण आणि बुटाचे पॉलिश रंगविण्यासाठी वापरला जाणारा, कर्करोगाच्या संशयामुळे अन्नात निषिद्ध असलेला रंग आढळला, आणि त्यानंतर युरोपीय संघाने आयात मिरचीसाठी तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही; त्यामुळे पेल्यातल्या पाण्यात तिखट टाकून केलेली घरगुती परीक्षा, कितीही लोकप्रिय असली तरी, येथे निरुपयोगी ठरते. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगवेगळ्या गतीने पुढे सरकवून ओळखण्याची पद्धत, वापरावी लागते.

भेसळीपेक्षाही अधिक चिंतेचा विषय मात्र अफ्लाटॉक्सिनचा आहे. ओलसर राहिलेल्या मिरचीवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी हे विष तयार करते, ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते आणि फोडणीच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही. युरोपीय संघात मसाल्यांसाठी त्याच्या बी-1 या प्रकाराची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे 5 दशलक्षांश, एवढी आहे. मिरची मातीवर न पसरता ताडपत्रीवर वा चौथऱ्यावर लवकर वाळविणे आणि कोरड्या जागी साठविणे, हेच या बुरशीवरचे प्रमुख प्रतिबंधक उपाय आहेत.