तारखांनी दिलेला ताबा



 वकिलांच्या सभेत अध्यक्षानं कायद्याचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे. पालक व पाल्य कायदा १८९०चा, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६चा, आणि बापाच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक असू शकते हे सांगणारा गीता हरिहरन प्रकरणाचा निकाल १९९९चा. झाला आढावा. मला दुसरंच बोलायचंय, आणि त्यासाठी मी फार वर्षं थांबले आहे.

मुलाचा ताबा कोणाकडे जाणार, हे आपल्याकडे न्यायाधीश ठरवत नाहीत. मूल आधी कोणी उचलून नेलं आणि नंतर कोणी किती तारखा घेतल्या, यावर ते ठरतं.

सकाळच्या सत्रात हमरीतुमरी झाली. संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणा, असं विधी आयोगानं २०१५ साली २५७व्या अहवालात सांगितलं. त्याचा झेंडा एका बाजूला, ‘लेकरू आईकडेच’ दुसऱ्या बाजूला. माझ्या एका पक्षकार बाईंचं सांगते. मुलगी चार वर्षांची. बागेत नेतो म्हणून बापानं नेली ती थेट गावी, दुसऱ्या जिल्ह्यात. आजीच्या हवाली केली आणि स्वतः नोकरीवर परत. लगेच तिथल्या बालवाडीत नाव घातलं. पाच वर्षांखालचं मूल एरवी आईजवळ असावं, असं १९५६च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं. मी अंतरिम ताब्याचा अर्ज टाकला. समोरून हरकत आली, मूल राहतं तिथल्या कोर्टात जा. त्यावर युक्तिवाद. मग से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला मुदत. मग समुपदेशकांचा अहवाल. मग न्यायाधीश साहेबांची बदली. अर्ज खऱ्या अर्थानं ऐकला गेला तेव्हा मुलगी दुसरीत होती. पाच वर्षांचं कलम फाइलमध्येच वारलं होतं. साहेबांनी तिला चेंबरमध्ये नेऊन प्रेमानं विचारलं, कोणाकडे राहायचंय? ती म्हणाली, आजीकडे. दुसरं काय म्हणेल? रुळलेलं मूल हलवू नये, असा निकाल लागला. तो कायद्यानं बरोबर होता, म्हणूनच मला आजही सलतो.

संयुक्त की एकट्याचा, याचा कीस पाडणाऱ्यांनी सांगावं, या खटल्यात तुमचा कोणता पक्ष जिंकला?

बायका असं करत नाहीत, असंही समजू नका. मूल माहेरी नेलं जातं, आणि बाप शनिवारी कोर्टाच्या बालकक्षात खेळणी मांडून बसतो. काही महिन्यांनी मूल त्याच्याजवळ जाईनासं होतं. मग आपल्यातलाच कोणीतरी अर्ज देतो, मूल घाबरतं, भेटी बंद करा.

मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे, खेळणीही नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं रोझी जेकब प्रकरणात १९७३ साली बजावलं. आपण ते लेखी युक्तिवादात घालतो आणि त्याच हातानं मुदतीचा अर्ज लिहितो.

पहिल्याच तारखेला तात्पुरता आदेश व्हावा आणि मुलाचं दोन्ही घरी जाणं-येणं चालू राहावं, असं निवेदन उच्च न्यायालयाला द्यायचं आहे. मसुद्यासाठी समिती नेमू; कधी भेटायचं ते कार्यवाह कळवतील. माझी अट एकच: ताब्याच्या अर्जात ज्यांनी मुदती मागितल्या, त्यांनी समितीत नाव देऊ नये. सभागृहात किती जण उरतात, ते जेवणानंतर पाहू.