प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा लॅपटॉप

गेल्या महिन्यांत डोंबिवलीचे एक गृहस्थ मजकडे आले. त्यांची मुलगी संगणकशास्त्र शिकते. प्रोग्रॅम लिहावयाचे तर मॅकच हवा, असें मैत्रिणींनीं तिच्या मनांत भरवून दिलें होतें, आणि त्यासाठीं कर्ज काढावें काय, हें त्यांना विचारावयाचें होतें. घरीं आठ जीबी मेमरीचा, विंडोजवर चालणारा लॅपटॉप होताच.

श्रोते हो, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र व प्रोग्रॅम यांच्यामध्यें राहून सारा कारभार पाहणारी व्यवस्था. ती निवडतांना आपण यंत्राकडे पाहतों. पाहावयाचें असतें तें आपला प्रोग्रॅम अखेर कोठें चालणार याकडे. आयफोनचें ॲप करावयाचें तर एक्सकोड लागतें, व तें मॅकवरच चालतें. तेथें वाद नाहीं. परंतु या मुलीला संकेतस्थळांमागचे प्रोग्रॅम लिहावयाचे होते, आणि ते ज्या सर्व्हरवर चालतात तेथें बहुतेक लिनक्सचेंच राज्य आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा पाया घातला, आणि उबुंटूसारखीं त्याचीं रूपें विनामूल्य मिळतात.

हा फरक मला जरा महागांत पडून कळला. फाइलच्या नांवाचें पहिलें इंग्रजी अक्षर मीं एके ठिकाणीं मोठें व दुसऱ्या ठिकाणीं लहान लिहिलें होतें. विंडोज हा भेद मानीत नाहीं, मॅकहि सहसा मानीत नाहीं. लिनक्स मात्र काटेकोरपणें मानतें. घरीं सुरळीत चालणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर गेल्याबरोबर फाइल सांपडत नाहीं म्हणून अडून बसला. दोष हातीं लागला तेव्हां ठाण्याहून डोंबिवलीची शेवटची लोकल निघून गेली होती. (त्या रात्रीं रिक्षावाल्यानें माझ्या अज्ञानाची किंमत रोख वसूल केली!)

आपल्या मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत दोन तऱ्हेचा विद्युत्प्रवाह होता, आणि दोहोंवर धांवणाऱ्या लोकल आणाव्या लागल्या होत्या. विंडोजमध्येंहि २०१६ पासून तशी सोय आहे. डब्ल्यूएसएल तिचें नांव. तिच्यामुळें विंडोजच्या पोटांत लिनक्स चालतें. पण आठ जीबींत हे दोन संसार म्हणजे डोंबिवलीच्या दीड खोलींत दोन बिऱ्हाडें. मेमरी वाढवितां येत असेल तर सोळा जीबी करून घ्यावी. मॅकच्या मानानें तो खर्च किरकोळ.

त्या गृहस्थांना मीं आधीं एक पेन ड्राइव्ह दिला. त्यावरून उबुंटू सुरू करतां येतें, आणि लॅपटॉपवरील मजकुरास धक्का लागत नाहीं. वायफाय, आवाज, झांकण मिटल्यावर यंत्र नीट झोंपतें कीं नाहीं, हें दोन दिवस पाहावें. पुढें दोन्ही प्रणाली शेजारीं शेजारीं ठेवावयाच्या तर प्रथम साऱ्या फाइलींची प्रत काढावी, आणि डिस्क कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. विंडोज मात्र पुसूं नये. महाविद्यालयाचें एखादें सॉफ्टवेअर तेवढ्यावरच चालतें, आणि तें नेमकें परीक्षेच्या आदल्या दिवशीं समजतें.

कर्जाचा बेत त्यांनीं सोडला आहे. मुलगी लिनक्सवर काम करूं लागली आहे. मॅकचें नांव मात्र ती अजून अधूनमधून काढते.