घरची जुनी मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी भरतकामावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही मोटारीवर बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यंत्रशास्त्र काही मी सांगणार नाही. गेल्या दिवाळीपासून आमच्या दारात जी जुनी मारुती आठशे उभी आहे, तिने जे शिकवले तेवढेच सांगते.

ही गाडी आम्ही हौसेने घेतली नाही. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला न्यावे लागते. परतताना एस. टी.च्या गर्दीत उभे राहणे त्यांना झेपेना. यजमानांना दुकान सोडता येत नाही, म्हणून चालवायला मी शिकले. मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज मिळेल ती जुनीच. पण तिची नस ओळखणारा कारागीर कुठेही भेटतो, म्हणून तीच घेतली. डायलिसिसच्या दिवशी ती सुरू झाली नाही, तर आमच्या घरात नुसता खोळंबा होत नाही, जिवाला घोर लागतो.

आणि तसेच झाले. मार्गशीर्षातली थंडी, पहाटेची वेळ, सासूबाई शाल गुंडाळून मागे बसलेल्या. चावी फिरवली तर नुसते टक-टक. दिवे लावून पाहिले, तेही मिणमिणते. आठवडाभर आधीच एका कारागिराने बॉनेट न उघडता सांगितले होते, "बॅटरी गेली, नवी टाका." मी बॉनेट उघडले. बॅटरीच्या एका टोकावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. वीज तिथेच अडत होती. दहा नंबरच्या पान्याने पकडी सोडवल्या, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने टोके घासली, कोरडी केली, पकडी घट्ट बसवल्या आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. दुसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. जालन्याला वेळेत पोचलो. ती बॅटरी आजही चालू आहे.

यात एक क्रम मात्र पाळायचा. काढताना काळी, म्हणजे वजा खुणेची पकड आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. ती पूडही अंगाला झोंबते, म्हणून हातात रबरी मोजे हवेत. बॅटरी खरोखरच मेलेली असू शकते, हे मी नाकारत नाही. पण चार हजारांचा खर्च करण्याआधी चार आण्यांचा सोडा वापरून बघायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट गाडी तापण्याची. आपल्याकडचा वैशाख तुम्हांला माहीत आहेच. रेडिएटरचे झाकण म्हणजे आपला कुकरच समजा. आत दाब धरलेला असतो, म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले, की दाब सुटतो आणि ते पाणी उसळून तोंडावर येते. वाफ कोंडलेला कुकर आपण कधी उघडतो का? काटा चढू लागला, की गाडी सावलीत थांबवायची, इंजिन बंद करायचे आणि निदान अर्धा तास हात लावायचा नाही. मग पाणी कमी झाले आहे का, एखादी नळी झिरपते का, ते पाहायचे. पंखा फिरत नसेल, तर त्याचा फ्यूज तपासायचा. आणि बोअरचे पाणी त्यात घालू नये. आपल्या बंबाला आतून जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. कूलंटच घालावे.

फ्यूज रंगावरून ओळखता येतात : लाल दहा अँपियरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. हॉर्न किंवा वायपर अचानक मुका झाला, तर आधी फ्यूज बघावा. जळला असेल, तर त्याच रंगाचा बसवावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे पुष्कळ शहाणे आहेत. त्यांच्या गाडीत फ्यूज वाचतो आणि वायरी जळतात.

जुनी गाडी घेतल्यावर पहिले आठ दिवस रात्री तिच्याखाली जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावरचे डाग वाचावेत. स्वच्छ पाणी ए. सी.चे, त्याची काळजी नको. हिरवा किंवा लाल डाग बहुधा कूलंटचा, काळपट तेलकट डाग इंजिन ऑइलचा. चाकाजवळ तेलकट ओल दिसली, तर ती ब्रेकची असू शकते. तशी गाडी हलवूच नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही पाहावेत. २३१९ म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली, तरी म्हातारा टायर म्हाताराच.

बायकांना हे जमेल का, असे कोणी विचारले, तर त्यांना बर्था बेंझ यांची गोष्ट सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, यजमानांना न सांगता, दोन मुलांना घेऊन ही बाई जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी मोटारीने गेली. मोटारीतला तो पहिला लांबचा प्रवास, सुमारे शंभर किलोमीटरचा. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा मात्र चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. म्हणजे स्वतः काय करायचे आणि कारागिराकडे काय न्यायचे, हे तिला पक्के ठाऊक होते.

माझीही तीच रीत आहे. ब्रेकचा खरखराट, स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि पेट्रोलचा वास, या तिन्हींत मी हात घालत नाही. गाडी जागेवर उभी करते आणि कारागिराला घरी बोलावते. त्या दिवसापुरती भाड्याची गाडी परवडते. पण तो काम करत असताना मी शेजारी उभी असते आणि काढलेला जुना भाग मागून घेते. पहिल्यांदा तो हसला. आता तो आपण होऊनच दाखवतो, "ताई, हे बघा, इथून झिजले होते."

रविवारी दुपारी गाडी आमच्या लिंबाखाली उभी असते. ज्यांना फ्यूजची पेटी आणि पाना धरायची रीत पाहायची असेल, त्यांनी यावे. येताना साधे लुगडे नेसून या, तेलाचे डाग जात नाहीत.